दक्षिणेकडच्या ताऱ्याचं सुतक

मरण एकदाच येतं, पण त्याची बातमी आपल्या सवडीनं पोहोचते. म्हणून आपल्या जाणत्यांनी उशिरा कळलेल्या मरणाचेही नियम घालून दिले आहेत. दहा दिवसांच्या आत कळलं, तर उरलेले दिवस सुतक. दहानंतर कळलं, तर तीन दिवस. वर्ष उलटल्यावर कळलं, तर अंगावरच्या कपड्यांसकट नुसती आंघोळ. इतका बारीक विचार शास्त्रज्ञांनीही केलेला नाही.

१९८७च्या मार्चात टेंभुर्णीच्या पारावर मी पेपर मोठ्यानं वाचला. (अक्षरं मी साठीत, प्रौढ वर्गात शिकलो. मनातल्या मनात वाचायला तिथं शिकवलं नाही.) दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटला होता. फुटला एक लाख अडुसष्ट हजार वर्षांपूर्वी, उजेड आत्ता पोहोचला. तो पुढंही वर्षानुवर्षं येत राहील आणि ताऱ्याच्या पोटात काय काय होतं ते शास्त्रज्ञ त्यावरून शोधतील, असं छापलं होतं.

आमच्या भावकीतले सर्वांत वडीलधारे काकासाहेब गंभीर झाले.

"दक्षिण म्हंजी पितरांची दिशा. आपला मूळपुरुष तिकडंच तारा झालाय. आत्यानं मला बोटानं दाखवल्ता."

"तिकडं काय एकच तारा हाय का, काका?" भिवा म्हणाला.

"मंग हा आपला न्हाई म्हणून सिद्ध कर."

भिवाला ते करता आलं नाही. सबब तारा भावकीचा ठरला.

वर्ष नक्की उलटलं होतं (तरी दोघांनी बोटं मोजली), त्यामुळे एका आंघोळीवर भागलं असतं. पण शाळेचे बद्रीनाथ गुरुजी शिकलेले. ते म्हणाले, उजेड रोज येणार म्हणजे बातमी रोज येणार. रोज नवी बातमी, रोज नवी आंघोळ, शास्त्रज्ञांचा अभ्यास संपेपर्यंत. सभा हादरली. (भावकीत माणसं तीनशे बारा. पैकी रोज आंघोळ करणारे, अंदाजे, एकोणीस.)

विहिरींनी तळ गाठलेला. पाणी एकाच ठिकाणी होतं, भावकीतल्याच गिरिजाबाईच्या मांडवामागं उभ्या टँकरमध्ये. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं, कौसल्याचं लग्न होतं. आंघोळी केल्या तर वऱ्हाडाला प्यायला थेंब नाही, न केल्या तर सुतकात लग्न नाही. सभेनं पूर्ण विचारांती आंघोळीला प्राधान्य दिलं, कारण मयत वयानं मोठा होता.

लोक बादल्या घेऊन रांगेत लागले, तेव्हा गिरिजाबाई टँकरच्या तोटीला पाठ लावून उभी राहिली.

"मामंजी, सुतक मेल्यावर लागतं का कळल्यावर?"

"कळल्यावर," काकासाहेब म्हणाले.

"मंग पेपर वाचला कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आन् ऐकला कोणी? ज्यानं ऐकला त्यानं बेलाशक सांगावं. सुतकवाल्याला उद्या पंगतीत बसता येणार न्हाई. बुंदी हाय."

रांगेतल्या बादल्या हळूहळू पाठीमागं गेल्या.

"म्या तर झोपल्तो," भिवा म्हणाला.

पेपर वाचला तेव्हा आपण शाळेत होतो, हे गुरुजींना आठवलं. काकासाहेबांनी कानात बोट घालून हलवलं आणि विचारलं, "कंचा तारा?"

अशा रीतीनं तीनशे अकरा जण निर्दोष सुटले. मला धोतर-टोपीसकट तीन तांबे पाणी घालण्यात आलं. लग्न वेळेवर लागलं, पाणी पुरलं. बुंदी कशी झाली होती, ते मला सांगता येणार नाही.

त्या दिवशीचा ठराव आमच्याकडं अजून लागू आहे. ताऱ्याचं सुतक फक्त वाचणाऱ्याला. उजेड अजून येतोच आहे, असं गुरुजी सांगतात.

तर, तुम्ही हे इथवर वाचलंत. तारा आमचा नाही म्हणत असाल, तर खुशाल सिद्ध करा. तोवर कशाला शिवू नका, आधी आंघोळ करून या. आणि कपडे काढू नका.