गुरुजींनी मोजलेल्या बुड्या

गुरुजी प्रयोगशाळेत आले ते लेकीचा घरी राहिलेला चष्मा द्यायला, आणि दहा मिनिटांत त्यांच्या गळ्यात नोकरी पडली.

झालं असं, की बुड्या मारणाऱ्या यंत्राचा हात त्या सकाळी वर गेला आणि वरच राहिला, उत्तर येत असलेल्या हुशार मुलासारखा. लेकीनं बटणं दाबली, वायर काढून पुन्हा लावली, शेवटी यंत्राच्या पाठीत एक चापटही दिली. हात काही खाली येईना. दुरुस्तीवाल्यानं फोनवरूनच दोन महिन्यांची मुदत मागितली. इकडे हाडांचे डॉक्टर बारा वाजता स्क्रू न्यायला दारात हजर होणार होते.

मोडलेलं हाड सांधायचे ते सहा बारीक स्क्रू. त्यांच्यावर औषधी लेप चढवायचा, या एका कामामागे लेक तीन वर्षं लागली होती. आज स्क्रू मिळाले नाहीत, तर चाचणीसाठी दुसरीकडचे घेऊ, असं डॉक्टरांनी अगदी गोड शब्दांत कळवून ठेवलं होतं.

"हातानं करते," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही मोजाल?"

चाळीस वर्षं सहलीची पोरं मोजून नेलेल्या आणि तितकीच परत आणलेल्या गुरुजींनी नुसत्या बाह्या सरसावल्या.

काम दिसायला सोपं होतं. टेबलावर चार पेले, चारही पाण्यासारखे. त्यातल्या दोनांत खरंच पाणी. उरलेल्यांपैकी एकात अधिक विद्युतभाराचा पदार्थ, दुसऱ्यात उणे भाराचा, औषध घातलेला. तारेला टांगलेले स्क्रू मिनिटभर अधिकच्या पेल्यात बुडवायचे, पाण्यात विसळायचे, मग उण्याच्या पेल्यात, आणि परत विसळायचे. ही झाली एक जोडी, चार मिनिटांची. अधिक आणि उणे एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून थरावर थर बसत जातो. जोडी एवढी पातळ, की एका केसाची जाडी भरायला पंचवीसेक हजार लागाव्यात. पण हव्या होत्या बरोबर वीस. कमी पडल्या तर हाड जुळायच्या आत औषध संपणार, जास्त झाल्या तर लेपाचे पोपडे निघणार. आणि चढलेला थर उतरवायची सोय नव्हती.

दहाच्या ठोक्याला सुरुवात झाली. लेकीची नजर सेकंदकाट्यावर, गुरुजींची तिच्या हातावर. ते बोटांच्या पेरांवर मनातल्या मनात मोजत होते. मोठ्यानं मोजलं की वर्गाचं लक्ष उडतं, हा त्यांचा अनुभव. मधूनच डॉक्टरांचा फोन यायचा, कुठवर आलंय म्हणून. लेक फोन खांद्याला दाबून बोलायची आणि हात चालूच ठेवायची. असे तीन फोन झाले.

"वीस," गुरुजी म्हणाले. "ठेव खाली."

लेकीनं घड्याळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. वीस चोक ऐंशी मिनिटं, म्हणजे अकरा वीसला संपायला हवं होतं. घड्याळात अकरा बत्तीस झाले होते.

"बाबा, तेवीस झाल्या."

"मारल्यास तेवीस. त्यातल्या तीन मी धरल्या नाहीत."

"धरल्या नाहीत म्हणजे?"

गुरुजींनी शांतपणे सांगितलं. प्रत्येक फोनच्या वेळी तिनं स्क्रू अधिकमधून काढले, विसळले आणि पुन्हा अधिकमध्येच घातले होते. उण्याच्या पेल्याकडे ती फिरकलीच नव्हती. चुकलेलं गणित बरोबर कसं धरायचं?

"मग तेव्हाच नाही का सांगायचं?"

"पेपर लिहिताना मुलाला मध्येच टोकलं की पुढचंही चुकतं गं."

लेक मटकन स्टुलावर बसली, आणि मग हळूहळू हसायला लागली. अधिकवर अधिक बसतच नाही. त्या तीन जोड्यांनी काहीच वाढवलं नव्हतं. बाबांनी न धरलेलं स्क्रूंनीही धरलं नव्हतं. एवढ्यात डॉक्टर आत आले, वेळेच्या चांगली पंचवीस मिनिटं आधी. त्यांना सगळी हकीकत सांगितल्यावर ते म्हणाले की फोन आपलेच होते हे खरं, पण खात्री करूनच द्या.

स्क्रूंच्या शेजारी तारेला एक चकचकीत तुकडा टांगलेला होता, जाडी मोजण्यासाठीच. लेकीनं तो जाडी मोजायच्या यंत्राखाली ठेवला. दर जोडीला तीन नॅनोमीटर, म्हणजे आकडा साठ यायला हवा. आला सत्तावन्न.

"एकोणीसच," लेक म्हणाली.

दोघांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खिडकीकडे पाहत होते. मग ते खाकरले.

"अठराव्या वेळी तू उण्याच्या पेल्याऐवजी स्क्रू पाण्यातच घातलेस."

"आणि ती धरलीत?"

"दीड तास उभी होतीस. पाय दुखत असतील, म्हटलं एक द्यावी सोडून. पस्तिसाला एक मार्क कमी पडला तर मी कधी कुणाला नापास केलं नाही."

लेकीनं रागवायचं ठरवलं, पण ते जमेना. जास्त झाली असती तर तीन वर्षं पाण्यात गेली असती. कमी पडलेली मात्र चार मिनिटांत भरता येत होती. तिनं डॉक्टरांचा फोन बंद करून त्यांच्याच खिशात ठेवला आणि विसावी जोडी चढवली. या वेळी तिघांनी मिळून मोजलं. आकडा आला साठ.

डॉक्टर खुशीत आले. स्क्रूंची डबी जपून उचलत ते म्हणाले, "गुरुजी, शस्त्रक्रिया संपली की शिवण्याआधी आम्हालाही आत वापरलेले कापसाचे बोळे मोजून घ्यावे लागतात. तुमच्यासारखा बारकाईनं पाहणारा माणूस कुठे मिळायला. येता का आमच्याकडे?"

गुरुजींची मान होकारासाठी हललीसुद्धा होती.

"नको हो," लेक घाईनं मध्ये पडली. "रोग्याची दया आली, तर एखादा देतील सोडून."