दहा खुर्च्या आणि आजोबांचा डोळा

माझा नोंदींचा प्रोग्राम बंद पडूच शकत नाही! आत्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी हे सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं होतं. पेशंटच्या नोंदी दूरच्या सर्व्हरवर. तिथे एका वेळी दहाच कनेक्शन, म्हणजे आत दहाच खुर्च्या. आमचे कॉम्प्युटर जेमतेम तीन. तरी खबरदारी म्हणून मी आज सकाळी घरच्या कॉम्प्युटरवर एक पहारेकरी प्रोग्राम बसवून आलो. दर मिनिटाला त्याने आत जायचं आणि खुर्ची रिकामी आहे ना, ते बघायचं.

साडेनऊला आत्या ऑपरेशनच्या खोलीतून कडाडली, “अरे, नोंद उघडत नाहीये! आजोबांचा डोळा डावा की उजवा?”

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत. टेबलावरून पेशंट आजोबा म्हणाले, “उजवा! म्हणजे... माझा उजवा की तुमच्या बाजूचा?”

“नोंद बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही,” आत्या म्हणाली. “दहा मिनिटं देते. नाहीतर पुढची तारीख तीन महिन्यांनी.”

“अहो, परवा नात येतेय!” आजोबा रडकुंडीला आले. “तिचं तोंड बघायचंय मला!”

स्क्रीनवर एकच उत्तर: जागा नाही. अरे, आम्ही तिघं, खुर्च्या दहा, मग बसलंय कोण? रिसेप्शनचा कॉम्प्युटर बंद केला, माझाही केला. ऑपरेशनच्या खोलीत धावत येऊन तिथला कॉम्प्युटर लावेतो दोनेक मिनिटं गेली, तेवढ्यात त्या दोन्ही जागा भरलेल्या! डोकंच चालेना.

शेवटी सर्व्हरवाल्या बाईंना फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

“बाई, चोर शिरलाय!”

“थांबा, बघते... दहाही जागा एकाच्याच आहेत. दर मिनिटाला आत येतो, बघतो आणि तिथेच बसतो. बाहेर पडतच नाही.”

“काय निर्लज्ज माणूस! हाकला त्याला! कोण आहे तो गाढव?”

बाईंनी नाव वाचलं. माझंच.

आत जा, असं मी पहारेकऱ्याला सांगितलं होतं. बाहेर ये, हे सांगायचं राहिलं! बाईंनी त्याला हाकललं, नोंद उघडली. उजवा. आजोबांचाच उजवा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मी मुद्दाम समोर उभा राहिलो. म्हटलं, आजोबांची माफी मागावी.

“आजोबा, समोर काय दिसतंय?” आत्याने विचारलं.

आजोबांनी डोळा किलकिला करून मला न्याहाळलं.

“गाढव,” ते म्हणाले. “अगदी स्वच्छ दिसतंय!”