अनंताची बदली

झाडं एका जागी उभी राहतात, असा बाकीच्या जगाचा समज आहे. आमच्या कुंभारवाड्यात तसं खात्रीनं सांगता येत नाही. निदान माझे शेजारी भरमाण्णा यांचा अनंत तरी फार काळ एका जागी उभा राहिलेला मी पाहिला नाही. मी इथे राहायला आलो तेव्हा तो त्यांच्या पुढच्या अंगणात तुळशीजवळ होता. पुढच्या वर्षी तो घराच्या दक्षिणेला गेला. त्याच्या पुढच्या वर्षी न्हाणीपाशी. कमरेइतकं फुलांचं झुडूप ते, पण माझ्यापेक्षा त्याचाच प्रवास जास्त झाला असावा.

मी मूळचा खानापूरकडचा. लाकूड डेपोत कारकुनी मिळाली म्हणून या जंगलात येऊन पडलो. भरमाण्णा जंगलखात्यात गार्ड होते आणि आता नोकरी संपवून घरी बसले होते. घरी बसले असं आपलं म्हणायचं, बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नाही. उंच, वाळलेला देह, अंगात खात्याचा जुना खाकी कोट. कोटाची बटणं खात्यानं परत घेतली होती की जंगलानं, कोण जाणे. हातात एक काठी, आणि काठीवर कोयत्यानं पाडलेल्या खाचा. एकेक खाच म्हणजे गावातल्या एकेका झाडाची उंची. गावातल्या पोरांची नावं त्यांना धड ठाऊक नव्हती, पण कोणाच्या दारचा पेरू किती वाढला हे ते झोपेतसुद्धा सांगू शकत.

माणसाची चौकशी करायची, ही पद्धत त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. माझे सासरे वारले तेव्हा मी पंधरा दिवस गावी जाऊन आलो. परत आलो तर भरमाण्णा कुंपणापाशी उभे.

"कुठं गेलतास गा?"

"सासरे वारले, भरमाण्णा."

"आनि त्यांच्या हिरीवरचा फणस?"

"तो आहे."

"मग बरं हाय की," असं म्हणून ते निघून गेले. माझं सांत्वन तेवढ्यावर आटोपलं.

अशा माणसाची बायको म्हणजे यमनाक्का. मी आलो त्याच वर्षी तिचे पाय गेले आणि तिनं अंथरूण धरलं. मी तिला जेमतेम दोनदा पाहिलं असेल. तिची चौकशी केली की भरमाण्णा काठीनं माती उकरत म्हणत, "तिचं काय इचारतोस, अनंताचं इचार." गावातल्या बायका हे ऐकून बोटं मोडत. एकदा भरमाण्णा लोटाभर ताक अनंताच्या बुडात ओतताना दिसले, त्या दिवशी तर पाणवठ्यावर दुसरा विषयच नव्हता. बायको आत पेजेवर पडलीय आणि बाबा झाडाला ताक पाजतोय! मीही त्यात माझी भर घातली. म्हणालो, उद्या झाडाला शिंक आली तर हा मनुष्य जोयड्याहून वैद्य आणील.

अनंत हलवण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा असे. आधी महिनाभर बुडाभोवती अर्धा चर खणायचा, पंधरा दिवसांनी उरलेला अर्धा. मुळांना बातमी हळूहळू लागली पाहिजे म्हणे. मग खोडाच्या पूर्वेच्या अंगाला चुन्याचं बोट लावायचं, म्हणजे नव्या जागी झाडाचं तोंड फिरत नाही. झाडाला तोंड असतं, ही माहिती मला तिथेच मिळाली. आदल्या दिवशी झाडापुढं विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायला कुणीतरी लागतं, आणि कुंपणापलीकडं मी असायचोच.

"हे म्हाराजा," भरमाण्णा हात जोडून झुडपाला म्हणत, "उद्या तुला हालवनार हाय. सरकारी हुकूम समज. काय राग आला तर माज्या टकुऱ्यावर काढ, पर पान गाळू नको!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणायचो. डेपोत साहेबापुढं दिवसभर तेच म्हणत असल्यामुळं मला ते सहज जमे.

मग गोणपाटात मुळांचा मातीसकट गड्डा बांधून, लेकराला उचलावं तसा अनंत उचलला जाई. नव्या जागी गेला की तो सगळ्या कळ्या टाकी, निम्मी पानं पिवळी करी आणि दोन महिने मेल्यासारखा उभा राही. भरमाण्णाही तेवढे दिवस तसेच दिसत. झाड पुन्हा धरलं की वर्षभरानं पुन्हा चर. का? तर उत्तर एकच. "झाडातलं तुला काय कळतंय?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांना नवं वेड लागलं. कधी विडी न ओढणारा मनुष्य हातात पेटती विडी धरून माझ्या परसाच्या कुंपणापाशी उभा राहू लागला. ओढायची नाही, नुसती धरायची आणि धुराकडं टक लावून बघायचं. दोन पावलं सरकायचं, पुन्हा बघायचं. वाऱ्याची दिशा बदलली की हळहळायचं. मी डेपोत सगळ्यांना सांगितलं की आमचे भरमाण्णा आता धुराला वळण लावतायत.

ज्येष्ठात एके दिवशी दुपारी घरी आलो तर ते कुंपण ओलांडून थेट माझ्या परसात. माझ्या पडवळाच्या मांडवाखाली काठीनं माप घेत होते. तो मांडव मी स्वतः बांधला होता आणि पडवळं हातभर लांब लोंबत होती. आयुष्यात मी स्वतः वाढवलेली तेवढी एकच गोष्ट.

"हा मांडव काढ," भरमाण्णा म्हणाले.

"काय?"

"हितं अनंत येनार हाय."

माझं टाळकं सरकलं. "भरमाण्णा, तुमच्या परसात जागा संपली म्हणून आता माझ्या घरात झाडं घुसवणार? उद्या माझ्या पाटावर आणून बसवा त्याला!"

"पाटावर ऊन न्हाई," ते गंभीरपणे म्हणाले.

मी त्यांना वाटेल ते बोललो. वेडे म्हणालो, निर्दय म्हणालो. घरातलं माणूस सोडून झुडपाची सेवा करणाऱ्याला देव बघून घेईल, असंही म्हणालो. ते खाली मान घालून ऐकत राहिले आणि काठी उचलून परत गेले. त्यानं माझा राग आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी ते बाहेर गेलेले बघून मी ठरवलं, की यमनाक्कालाच सगळं सांगायचं. तिचं अंथरूण अलीकडेच मागच्या खोलीत हलवलं होतं, चुलीची ऊब लागावी म्हणून. त्या खोलीची खिडकी माझ्या परसाच्या समोरच, कुंपणापासून चार हातांवर; मधल्या पट्टीत दिवसभर छपराची सावली. मी खिडकीशी गेलो. आत खाटेवर एक मूठभर बाई उशीला टेकून बसली होती. तिनं माझ्या दिशेला तोंड वळवलं, पण नजर माझ्यावर आली नाही. बाजूच्या भिंतीवरच राहिली.

"कोन ते?"

"मी शेजारचा कारकून, अक्का."

"ये तम्मा. दिसत न्हाई रे मला. दोन वर्सं झाली." आमच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी तिचा भाऊ झालो, आणि तरी तक्रारीसाठी घसा खाकरला. तेवढ्यात तिनंच विचारलं, "माजा अनंत बरा हाय न्हवं? तुळशीपाशी?"

मी मान वळवून न्हाणीकडं बघितलं. अनंत तिथं होता.

"ह्या वर्साला वास येईना बग. पयलं माजघरात निजायची तवा यायचा. मग न्हाणीकडच्या खोलीत आले, तरी यायचा. आता हितं येईना. वाळला का काय? त्यांस्नी इचारलं तर म्हंत्यात, हाय की जागच्या जागी."

मग ती बोलत राहिली आणि मी खिडकीचा गज धरून ऐकत राहिलो. भरमाण्णांच्या नोकरीत अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक चौकीवर ती परसात काहीतरी लावायची, आणि फूल यायच्या आधी गाडी जोडायची वेळ यायची. अबोली तिथंच राहिली, जास्वंद तिथंच राहिली. नोकरी संपली, हे घर बांधलं, तेव्हा उळवीकडच्या आपल्या माहेराहून तिनं अनंताची फांदी आणून तुळशीपाशी लावली आणि नवऱ्याला शपथ घातली. "म्या म्हनलं, आता मी बी हितनं हालनार न्हाई आनि ह्यो बी हालनार न्हाई. माजी आन हाय तुमास्नी."

ती हसली. मला मात्र हसता आलं नाही. शपथ मोडता येत नाही आणि बायकोला वास तर आला पाहिजे, म्हणून हा मनुष्य तीन वर्षं चोरासारखा तिच्या खाटेमागं झाड हलवत होता. खोदण्याचा आवाज आला की, आल्याचा वाफा करतोय, म्हणून सांगत होता. आणि ती विडी! ते पश्चिमेचा वारा धरत होते. धूर माझ्या पडवळाच्या मांडवाखालून निघाला की सरळ तिच्या खिडकीत शिरत होता. झाडातलं मला काय कळतंय, हे ते खरंच बोलत होते. मला माझीच लाज वाटली.

मी घरी आलो, कोयता घेतला आणि मांडव तोडला. पडवळं गावात वाटून टाकली. संध्याकाळी भरमाण्णा आले, मोकळी जागा बघितली, मग माझ्याकडं बघितलं.

"चुना हाय का तुज्याकडं?" एवढंच म्हणाले.

या वेळी बदली घाईची होती. महिनाभर चर खणायला वेळ नव्हता. यमनाक्काचं अन्न सुटत चाललं होतं. गाऱ्हाणं घालताना भरमाण्णा मधेच थांबून बुडाची माती सारखी करू लागले, म्हणून पुढचं गाऱ्हाणं मी पुरं केलं आणि "व्हय म्हाराजा" ते म्हणाले. अनंतानं ऐकलं नाही. सगळ्या कळ्या टाकल्या, पानं टाकली. शेंडे वाळत गेले, ते भरमाण्णांनी कापत कापत गुडघ्यापर्यंत आणले. आषाढभर मी एका काठीला तट्टीची सावली धरत होतो. माझ्या घरचं ताकही त्याच्याच बुडात जाऊ लागलं. पाणवठ्यावर आता दोन वेड्यांची गोष्ट चालायची.

श्रावणाच्या शेवटी बुडाशी हिरवं टोक दिसलं. भाद्रपदात एक कळी धरली. आम्ही दोघांनी तिच्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही, भीतीनं.

घट बसायच्या आदल्या सकाळी मी आंघोळ करून परसात आलो, तर खिडकीतून हाक आली.

"तम्मा! आला रे वास!"

भरमाण्णा ताकाचा लोटा घेऊन झाडाशीच उभे होते. बिनबटणांचा कोट, पाय चिखलात. गुडघ्याएवढं झुडूप, मोजून नऊ पानं आणि एक पांढरं फूल.

"तुळशीपासनं हितपतुर वास येतोय," अक्का आतून म्हणाली, "मंजे झाड केवडं झालं असंल रे?"

भरमाण्णांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी झाड सोडून माणसाकडं इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

"लई मोठं झालंय, अक्का," मी म्हणालो. "कौलांच्या वर गेलंय."

"मी सांगितलेलं त्यांस्नी," ती समाधानानं म्हणाली. "एका जागी ऱ्हाऊ दिलं की झाड वाडतंय. अवो, ऐकलासा न्हवं?"

भरमाण्णा वाकून ताक अनंताच्या बुडात ओतू लागले. तेव्हा नेहमीसारखं मीच म्हणालो, "व्हय म्हाराजा."