एक हात खिशात

नरेंद्रचा फोन आला तेव्हा डॉक्टर नागनाथ सुरवाडे यांनी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवायला हवा होता. मुलगा एवढंच म्हणत होता, "पप्पा, रविवारी नवा टीव्ही येतोय, पंचावन्न इंची. तो कोपऱ्यातला जुना डबा त्याआधी भंगारवाल्याला देऊन टाका."

"भंगारात कशाला?" सर म्हणाले. "मी चालू करतो."

वाक्य तोंडातून निसटलं. स्वयंपाकघरात प्रभावतीबाई गवार निवडत होत्या. तिथून प्रश्न आला.

"कोण चालू करणार?"

"मी."

"तुम्ही?"

या 'तुम्ही'मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार होता. घरातला फ्यूज उडाला की बाई खुर्चीवर चढायच्या आणि सर खाली टॉर्च धरायचे. (टॉर्चचा उजेड बहुधा बाईंच्या डोळ्यांवर पडायचा.) आणि तरीही सर होते पदार्थविज्ञानाचे डॉक्टर! वडील उधना रेल्वे यार्डात खलाशी. मुलगा तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, यावर प्रबंध लिहून बसला. पुढे एकतीस वर्षं सुरतेतल्या एका कॉलेजात त्यांनी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओ-टीव्हीतली ती काचेची नळी) शिकवला. फळ्यावर ते इतका देखणा व्हॉल्व्ह काढायचे, की मुलं पुसू द्यायची नाहीत. खऱ्या व्हॉल्व्हला मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच हात लावला होता.

ते एकदाचं प्रकरण कोणालाच ठाऊक नव्हतं.

टीव्ही बाईंनी घेतला होता, पंच्याऐंशी साली, आपल्या पगारातून. म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत त्या शिकवायच्या. सेट तेव्हाही जुनाच होता. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, आत काचेच्या नळ्या. गल्लीतला तो पहिला टीव्ही. रविवारी दाराशी चपलांचा ढीग पडायचा. चित्र हललं की शेजारचे खानदेशी सुपडू पाटील, कापडाच्या लूमवरून नुकतेच आलेले, उठून पेटीच्या कुशीत एक धपाटा घालायचे. चित्र गुमान उभं राहायचं. ब्याण्णव साली एका संध्याकाळी टीव्ही लागलाच नाही. बाईंनी निकाल दिला, "सुपडूभाऊंच्या धपाट्यानंच गेला." सुपडू मान खाली घालून घरी गेले. सर काही बोलले नाहीत.

सर बोलले नाहीत, कारण त्याच सकाळी त्यांनी टीव्हीतला एक व्हॉल्व्ह उपसून, रुमालात गुंडाळून, वर्गात दाखवायला नेला होता. टेबल जरा उतरतं होतं. (टेबल उतरतं आहे, हे त्यांनी नंतर लेव्हल लावून सिद्ध केलं. पण फुटलेला व्हॉल्व्ह सिद्धतेनं जुळत नाही.) त्या सेटमधले सगळे व्हॉल्व्ह दिवाळीतल्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग जोडलेले, एक गेला की सगळे काळे. सुपडूंसमोरून जाताना सर तेहतीस वर्षं चपलांकडे बघत जात होते. आणि आता सेट भंगारात गेला, तर ती गोष्टही कायमची तशीच राहणार होती.

सोमवारी सरांनी वही केली. पहिल्या पानावर 'संभाव्य धोके' असा मथळा घातला. ते सहा पानं चालले. मंगळवारी बारडोलीला जाऊन आले. तिथल्या साखर कारखान्यात पूर्वी इलेक्ट्रिशियन असलेले बळीराम तायडे नावाचे गृहस्थ जुने रेडिओ दुरुस्त करतात, असं त्यांना कळलं होतं. तायड्यांनी हवा तोच व्हॉल्व्ह काढून दिला, चार कपॅसिटर दिले, एक छोटी डबी दिली ("आता हवेतून काही येत नाही, सर. तुमच्या सेटटॉप बॉक्सची वायर हिच्यात घाला") आणि निरोप देताना म्हणाले, "जयभीम. आणि सर, घाई करू नका."

सरांनी वहीत लिहिलं, 'घाई नको', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात घातला आणि बसमध्ये बारडोली ते सुरत तो डबा तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, ढोकळा छे?" सर म्हणाले, "ना बेन, काच छे." त्या उठून दुसरीकडे बसल्या.

बुधवारी डाग देण्याच्या (सोल्डरिंगच्या) कामात जेवणाच्या टेबलाचं प्लास्टिक वितळलं, बाईंच्या चष्म्याचा डबा वितळला आणि सरांच्या अंगठ्याला फोड आला. पण व्हॉल्व्ह बसला, डबी जोडली गेली आणि चारही कपॅसिटर बसले! सरांनी ते भिंग लावून इतक्यांदा तपासले, की शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, उत्तरपत्रिका नाही ती. पुरे."

गुरुवारी सेट लावायचा मुहूर्त आला आणि सरांना 'संभाव्य धोके' आठवले. आत हजारो व्होल्ट खेळणार. नियम साधा आहे : एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे विजेला एका हातातून दुसऱ्या हातात जायला वाट मिळत नाही. सर रबरी चपला घालून लाकडी पाटावर उभे राहिले. डावा हात लेंग्याच्या खिशात. सेटची मागची पाठ त्यांनी चारही स्क्रू घट्ट पिळून बंद केली, म्हणजे चुकून बोटसुद्धा आत जाऊ नये. तरी भरवसा वाटेना, म्हणून सुपडूंना बोलावलं आणि त्यांच्या हातात वाळका बांबू दिला.

"मला शॉक बसला तर या बांबूनं मला बाजूला ढकलायचं. हातानं नाही."

"जोरमा?"

"जोरात."

सुपडूंनी बांबू उगारला. त्यांचा चेहरा गंभीर होता. सेट आपल्यामुळेच गेला, या समजुतीनं ते लूमवर मालकानं बोलावल्यासारखे हाकेसरशी हजर झाले होते. नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पत्नी उषाबाई वाटीभर साखर मागायला खिडकीशी आल्या.

"अवं, सरले कसाले मारी राहिनात?"

"मारी नही राहिनू. वाट देखी राहिनू."

"कसानी वाट?"

"सरले शॉक लागानी!"

उषाबाई साखर न घेताच पळाल्या, आणि पाच मिनिटांत गल्लीत बातमी पसरली, की नागनाथ सरांना कसलातरी झटका आला आहे.

सरांनी उजव्या हातानं बटण दाबलं. एक, दोन, तीन... दहा, पंधरा. पडदा काळा. आवाज नाही. काहीतरी जळणार, काहीतरी फुटणार, या भीतीनं वीस म्हणायच्या आत सरांनी बटण बंद केलं आणि प्लग उपटला. मागची पाठ उघडून सगळं तपासलं. सगळं बरोबर. पुन्हा बंद, पुन्हा पाट, पुन्हा खिसा, पुन्हा बांबू. पंधरा. काळं.

असं गुरुवारी तीनदा झालं आणि शुक्रवारी चारदा. शनिवारी सर्किटचा नकाशा त्यांनी कोऱ्या वहीत नव्यानं काढला. नकाशा फारच सुंदर आला. टीव्ही आला नाही.

रविवारी सकाळी टीव्ही घेऊन येणाऱ्यांचा फोन आला, "अंकल, गोडादरा पहोंच गये, बीस मिनट." तेवढ्यात गल्लीत भंगारवाल्याची हाक ऐकू आली. सुपडू बांबू भिंतीला टेकवून हळूच म्हणाले, "जाऊ द्या सर. मनाच हातनं पाप शे ते."

आता मात्र सरांना राहवेना.

"सुपडूभाऊ, तुमच्या धपाट्यानं नाही गेला तो. व्हॉल्व्ह मी काढून नेला होता. वर्गात. माझ्या हातून फुटला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत बाई बाहेर आल्या.

"काय म्हणालात?"

"टेबल उतरतं होतं, प्रभा."

"तेहतीस वर्षं!" बाई म्हणाल्या. "तेहतीस वर्षं मी या बिचाऱ्या सुपडूभाऊंना सेटजवळ तर सोडाच, मिक्सरजवळसुद्धा उभं राहू दिलं नाही!"

सुपडू सावकाश खुर्चीत बसले. "म्हंजे मना धपाटामुये नही बिघडना?"

"नाही."

"नहीच?"

"अजिबात नाही."

सुपडूंच्या चेहऱ्यावर अर्ध्या आयुष्याचं ओझं उतरल्याचा आनंद पसरला आणि लगेच त्यांनी बांबूकडे असं काही पाहिलं, की सर पाटावरून उतरून दोन पावलं मागे सरले.

"ते नंतर," बाई म्हणाल्या. "आधी सांगा, सेट किती वेळ चालू ठेवलात?"

"पंधरा सेकंद. एकदा अठरा."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग पुढे होऊन, पाट नाही, खिसा नाही, खटकन बटण दाबलं. "आता कोणी हात लावायचा नाही," असं बजावून त्या आत गेल्या. डाळ धुतल्याचा आवाज आला. कुकरचं झाकण लागलं. गॅस पेटला. रोज संध्याकाळी त्या हेच करायच्या : आधी सेट लावायचा, मग कुकर चढवायचा, मग येऊन बसायचं.

वीस झाले. सरांचा हात बटणाकडे गेला. सुपडूंनी बांबू आडवा धरला. तीस. चाळीस. पेटीतून बारीक गुणगुण सुरू झाली. धुळीचा, गरम लाकडाचा ओळखीचा वास आला. पडद्याच्या मधोमध एक पांढरी रेघ उमटली, फुगली, आणि तिच्यातून करड्या रंगाचा एक माणूस वर वर सरकत उसावरच्या किडीची माहिती देऊ लागला.

"आला!" सर ओरडले. नवा टीव्ही खांद्यावर घेतलेले दोघे दारातच थबकले. भंगारवाला त्यांच्या मागून टाचा उंचावून बघू लागला. उषाबाई आल्या, आणि सर जिवंत असल्याचं पाहून मटकन खाली बसल्या. दाराशी चपला साठल्या.

उसाचा माणूस मात्र थांबेना. सारखा वर सरकत होता. सुपडूंनी अदबीनं विचारलं, "सर, एक मारू?"

"मारा."

तेहतीस वर्षांनी धपाटा बसला. माणूस गुमान उभा राहिला. सुपडूंनी डोळे पुसले. सरांनी चष्मा पुसला. पंचावन्न इंची खोका बंदच राहिला, कारण आणणारे दोघे जमिनीवर मांडी घालून बसले होते.

"पण तुला कसं गं ठाऊक, एवढा वेळ लागतो ते?" सरांनी बाईंना विचारलं. "रोज लावायचीस म्हणून?"

"छे! तुमच्या प्रबंधात नाही का? पान बासष्ट. कॅथोड तापायला निदान एक मिनिट द्यावे, त्याआधी निष्कर्ष काढू नये. तुमचा प्रबंध कोणी टाइप केला होता? ते वाक्य मी तीनदा टाइप केलंय."

निदान पानाचा आकडा तरी चुकला असेल, या आशेनं सर आत गेले. कपाटातून प्रबंधाचा जुना कच्चा खर्डा काढला. पान बासष्ट. वाक्य तिथेच होतं. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं फुली मारलेली होती, आणि समासात, त्यांच्याच तरुण, ठाम अक्षरात लिहिलं होतं :

'वगळावे. एवढे कोणालाही ठाऊक असते.'