मथुरामावशीच्या कॉम्प्युटरची वामकुक्षी

गुरुदास परुळेकरच्या व्हिजिटिंग कार्डावर उजव्या कोपऱ्यात एक पेंग्विन होता. बारकाईने पाहिलं तर ते बदक होतं. छापताना चित्र आडवं ताणलं गेल्यामुळे पेंग्विनचं पोट सुटलं होतं, चोच पसरली होती आणि पाय पाण्यात असल्यासारखे दिसत होते. संचिताने हे कामाच्या पहिल्याच दिवशी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून शिक्षकभरतीची वाट पाहत मालवणच्या बाजारात मिळेल ती नोकरी धरल्यावर, मालकाच्या पेंग्विनला बदक म्हणण्यात फायदा नसतो.

बदकाशेजारचा मजकूर गुरुदासने स्वतः रचला होता:

‘गुरुदास परुळेकर, संगणक-सत्यान्वेषी. मुक्त प्रणालीचा कोकणातील आद्य उपासक. गुन्हा यंत्रात दडलेला असो वा यजमानात, या नजरेतून सुटत नाही. रविवारी बंद.’

रविवारी काय बंद, दुकान की नजर, हे कार्डावरून कळत नसे. संचिताच्या मते नजर इतर दिवशीही फारशी उघडी नव्हती.

दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं होतं. पण दुरुस्ती हा शब्द गुरुदासला खपत नसे. दुरुस्ती मिस्त्री करतात, आपण तपास करतो, असं तो म्हणे. तपासावर असताना तो छापील मराठी बोले. एरवी घरी मालवणी. गिऱ्हाइकाने ‘कीबोर्ड चलना नाय’ म्हटलं, की तो डोळे मिटून विचारी, “कुणाला चालू नये असं वाटत असेल?” कीबोर्डात बहुधा मुंग्या असत. मुंग्यांना तसं वाटत असणं शक्य होतं.

त्याची श्रद्धा लिनक्सवर होती; कार्डावरचा पेंग्विन हे तिचंच चिन्ह. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी प्रणाली, की जी फुकट मिळते, जिचं पोट उघडून कुणीही आत पाहू शकतो आणि हवा तो बदल करू शकतो. संचिता स्वतः तीच वापरत होती. लिनक्सबद्दल तिची काही तक्रार नव्हती. औषध चांगलं आहे म्हणून ते रस्त्यात भेटेल त्याच्या नाकात ओतू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

गुरुदास ओतत असे. गिऱ्हाईक माउस बदलायला आलं, तर घरी जाताना अख्खी प्रणाली बदलून जाई. विंडोजचं नाव तो तोंडातून काढत नसे. नाव घेतलं तरी जीभ परवान्याखाली येते, असं त्याचं मत होतं. तो तिला ‘खिडक्या’ म्हणे. दुकानावर त्याने मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं: ‘खिडक्या बंद करा, मुक्त व्हा.’ त्यामुळे आठवड्यातून एकतरी माणूस मच्छरांच्या जाळीचा भाव विचारायला येई. गुरुदास त्याला तिरस्काराने पाहून परत पाठवी. पाटी बदलावी असं त्याला कधी वाटलं नाही. गाव बदलावं असं वाटे.

यंत्रांबद्दलही त्याची मतं पक्की होती. नवा लॅपटॉप पातळ असतो, आणि पातळ वस्तूला चारित्र्य नसतं. त्याचा स्वतःचा लॅपटॉप काळा आणि इतका जाड होता, की बँकेच्या पहारेकऱ्याने एकदा तो उघडून दाखवायला लावला होता. त्याचा पंखा सुरू झाला की बोलणं थांबवावं लागे. “हा आवाज स्वातंत्र्याचा आहे,” गुरुदास म्हणे. संचिताच्या मते तो बेअरिंगचा होता.

अशा या सत्यान्वेष्याला एप्रिलमध्ये मसुऱ्याहून फोन आला. फोन त्याच्या सख्ख्या मावशीचा, मथुरामावशीचा होता.

“गुरुदास, तुझो तो कॉम्प्युटर दुपारचो मरता रे. जेवान झाला की बंद. सांजेक परत जितो होता. आणि दुसरा एक तुका सांगूचा होता...”

“मावशी, दुसरं नंतर. एका वेळी एकच प्रकरण.”

ते ‘दुसरा एक’ काय असावं, याचा संचिताला अंदाज होता. मथुरामावशी लग्नपत्रिकांचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची. मसुऱ्यात आणि आसपास कुणाचंही लग्न ठरलं, की भटजींच्या खालोखाल मावशीकडे जावं लागे. तिची अक्षरं जुन्या पद्धतीची, वळणदार. ती ज्या प्रोग्रॅममध्ये होती तो फक्त विंडोजवर चाले. तिच्या साठाव्या वाढदिवसाला गुरुदास एकटाच मसुऱ्याला गेला आणि भेट म्हणून तिच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चढवून आला. जुन्या पत्रिका नव्या डिस्कवर उतरवून जुनी हार्ड डिस्क त्याने काढून आणली आणि बिस्किटांच्या डब्यात घालून डब्यावर ‘आरोपी’ अशी चिठ्ठी लावली. तेव्हापासून मावशीची एकही जुनी पत्रिका धड उघडत नव्हती. वराच्या जागी पौंडाची खूण येई आणि वधूच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह. मावशी नव्या फॉण्टात अक्षर न् अक्षर पुन्हा जुळवत बसे, लोकांना ती अक्षरं पसंत पडत नसत, आणि गिऱ्हाइकं एकेक करून कणकवलीच्या छापखान्याकडे चालली होती.

पहिल्या फेरीला गुरुदास आणि संचिता पोचले तेव्हा कॉम्प्युटर पडवीत स्टुलावर मांडलेला होता. वायर दारातून आत गेली होती.

“आत बसवाचा नाय,” मावशी पदराने मान पुसत म्हणाली. “हयच बसा. सोलकढी हाडतंय.”

गुरुदासने भिंग काढलं आणि कीबोर्डावर ओणवा झाला. कळांच्या फटीत पांढरी भुकटी होती. त्याने चिमटीत घेतली, हुंगली आणि पापण्या अर्ध्या मिटल्या.

“कपॅसिटर फुटला की असं द्रव्य बाहेर येतं. घातपात.”

संचिताने हुंगून पाहिलं. “सर, ही घामोळ्यांची पावडर आहे. गुलाबाचा वास येतोय.”

“तुला असंच वाटावं, अशी गुन्हेगाराची इच्छा आहे.”

भुकटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद झाली. गुरुदासने रॅमची पट्टी काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. दुपार झाली, जेवण झालं, तीन वाजले. कॉम्प्युटर ठणठणीत चालू होता.

“माझ्या नुसत्या उपस्थितीने गुन्हेगार बिथरला,” गुरुदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मालवणात मावशीचा फोन आला. ते दोघं गेल्यावर यंत्र आत नेलं, आणि आज दुपारी मेलं.

यानंतर सिद्धांतांना उधाण आलं. एक सिद्धांत असा, की जुन्या खिडक्यांचा आत्मा मदरबोर्डात उरला आहे. म्हणून मदरबोर्डाची बॅटरी काढून रात्रभर तांदळात ठेवण्यात आली. दुसरा आंतरराष्ट्रीय होता. आपल्याकडे दुपार असते तेव्हा अमेरिकेत रात्र असते. म्हणजे खिडकीवाल्या कंपनीतलं कुणीतरी रात्रपाळीला बसून मसुऱ्याच्या मुक्त यंत्राला दाबतं.

“पण मावशींकडे इंटरनेट नाही, सर.”

“तेच तर. पुरावा ठेवलेला नाही.”

तिसऱ्या सिद्धांतात पॉवर सप्लाय दोषी ठरला आणि बदलण्यात आला. नवा सप्लाय लागला, आणि तोही दुपारी झोपला. मग गुरुदासने थेट मावशीवरच संशय घेतला: इतकी वर्षं खिडक्यांत काम केलेली बाई, जेवणानंतर गुंगीत, जुन्या सवयीने स्वतःच बंदचं बटण दाबत असणार. हे तो मावशीच्या पुढ्यात बसून, तिने वाढलेल्या सोलकढीचा तिसरा पेला पीत म्हणाला.

संचिताचा अंदाज साधा होता. दुपारी बंद आणि संध्याकाळी सुरू, हे उष्णतेचं लक्षण होतं. प्रोसेसर फार तापला की यंत्र स्वतःला वाचवायला बंद होतं. पण ती जेव्हा जेव्हा तापमान बघे तेव्हा यंत्र पडवीत असे, माडांचा वारा लागत असे, आणि आकडा निर्दोष येई.

“सर, यंत्र रोज ज्या खोलीत असतं तिथे जाऊन बघू या का?”

“संचिता, गुन्हा खोलीत घडत नाही. कोडमध्ये घडतो. आणि मुक्त प्रणाली तापत नसते. तो खिडक्यांचा आजार.”

संचिता भांडी ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. मावशी मागोमाग आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “गो बाय, तूच सांग गो त्याका. माका जुनाच परत होया. माझी सगळी अक्षरां थय रवली.”

“मावशे, तुमीच सांगा. माझा ते ऐकनत नाय.”

“कसा सांगू? भयणीचो एकटो झील. भेट दिल्यान. दिलेली भेट परत ने म्हणान कोण सांगता?” तिने पेला विसळलेला पुन्हा विसळला. “अपेक्षाची पत्रिका आसा हातात. शेजारची. तिचा बारसा मी जेवलंय. ती पण कणकवलेक गेली तर मगे मी ह्यां बंदच करतलंय.”

पुढच्या फेरीला निघताना संचिताने आरोपीचा डबा आपल्या पिशवीत टाकला. गुरुदासच्या नजरेतून तो सुटला.

त्या दिवशीही कॉम्प्युटर पडवीत होता. गुरुदास सांगत होता, की हा तपास आता अंतिम टप्प्यात आहे आणि संशयाची सुई विजेच्या खांबाकडे वळते आहे. तेवढ्यात कुंपणापलीकडून अपेक्षा आली. लग्नाला महिना राहिलेली मुलगी जशी चालते तशी ती चालत होती, म्हणजे कुणावर तरी धावून गेल्यासारखी.

“काकी, माझी पत्रिका झाली काय गो? आवस रोज माझो जीव खाता.”

“झाली म्हणान समज गो. तुझो नमुनो आत टेबलार आसा, घेवन ये.”

अपेक्षा आत गेली. आतून दार उघडल्याचा आवाज आला आणि ती ओरडतच बाहेर आली. कपाळावर घाम उभा राहिला होता.

“काकी, खोलयेत भट्टी लावलंस काय? वर पत्रे, आणि खिडक्यो कित्याक बंद केलंस? चिकटपट्टी पण लावलंस. माणूस मरात थय.”

“उघडू नको गो,” मावशी घाईने म्हणाली. “गुरुदासान सांगल्यान आसा.”

 गुरुदासच्या हातातलं भिंग विजेच्या खांबाच्या दिशेला तसंच राहिलं.

“मी?”

“तूच. वाढदिवसाच्या दिवशी, हयच उभो रवान. मावशी, आजपासून खिडक्या बंद, कायमच्या बंद. खिडकी उघडली की व्हायरस आत येतो.” मावशीने त्याचं छापील मराठी हुबेहूब उचललं होतं. “माका वाटला, करोनासारखा काय ता परत इला. मी म्हटलंय, रे उकडतला. तू म्हटलंस, सुरुवातीला जड जातं मावशी, मग सवय होते.”

“झाली काय सवय?” अपेक्षाने विचारलं.

“खंय गो. घामोळां इली.”

संचिता उठून खोलीत गेली. पत्र्याची खोली, दोन खिडक्या. दोन्हींच्या फटी मावशीने उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या चिकटपट्टीने लावून बंद केल्या होत्या. व्हायरसला आत यायचंच असतं, तर आधी पाच-सहा गणपतींना ओलांडून यावं लागलं असतं. अपेक्षाने एका खिडकीच्या पट्ट्या ओढून काढल्या, संचिताने दुसरीच्या. वारा आत आला आणि टेबलावरचे कागद उडाले. कॉम्प्युटर उचलून त्याच्या जागी नेला. दुपार झाली, जेवण झालं, तीन वाजले, चार वाजले. तो चालू होता.

एवढ्या वेळात गुरुदास सावरला होता. सोलकढीनंतर तो नेहमी सावरत असे.

“लिही, संचिता. निष्कर्ष. प्रणाली निर्दोष. मुक्त प्रणालीवरचा कलंक माझ्या तपासाने कायमचा पुसला गेला. दोष निव्वळ वायुवीजनाचा.”

“आणि खिडक्या कुणी बंद करायला लावल्या, ते लिहू?”

“तां नको लिहू,” गुरुदास म्हणाला. तपासावर असताना त्याच्या तोंडून मालवणी प्रथमच ऐकू आली.

अपेक्षा स्क्रीनसमोर वाकली होती. मावशीने मजकुराला आधार म्हणून तिच्या थोरल्या बहिणीची जुनी पत्रिका उघडून ठेवली होती.

“काकी, हय ताईचा नाव खंय आसा?”

मावशीने उलट्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं.

“ह्यां माझी ताई? आणि भावोजी?”

मावशीने पौंडाकडे बोट नेलं.  “माझी पण अशीच करतलंस?” तिने हळू विचारलं. त्यात राग नव्हता, आणि तेच मावशीला लागलं. कणकवलीचं नाव अपेक्षाने घेतलं नाही. पण टेबलावरून घेतलेला आपला कागदी नमुना तिने परत ठेवला नाही, हातातच धरला.

संचिताने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. ‘आरोपी’ ही चिठ्ठी मावशीच्या बाजूला येईल, एवढी काळजी घेतली.

गुरुदास डब्याकडे बघत राहिला. मावशी डब्याकडे बघत होती, मग अपेक्षाच्या हाताकडे, मग भाच्याकडे.

“गुरुदास, तुका एक सांगूचा आसा.”

“मावशी, एका वेळी एकच प्र...”

“एकच आसा.” तिने डबा त्याच्या पुढ्यात सरकवला. “माका माझी अक्षरां परत होयी. ह्यो दोन खिडक्यो उघडल्यो, आता तू बंद केलंस ती तिसरी पण उघड.”