सोलकढीची विक्री शून्य!

तिरफळं घातलेला बांगडा माझ्यासारखा अख्ख्या काळाचौकीत कुणी करून दाखवावा, मी खानावळीला कुलूप लावून काशीला जाईन! हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. आता तर पुरावाच मिळाला!

आमच्या सुनेने, रुपालीने, बिलाच्या मशीनमध्ये एक सॉफ्टवेअर घातलं. काय खपतं, काय पडून राहतं, सगळं चित्र काढून दाखवतं. मी पहिलाच प्रश्न टाकला, "बांगडा किती जातो?" निळा खांब असा वर चढला, जणू गिरणीचं धुराडं!

"बघ गो मालन! सगळ्यांच्या वर बांगडा!"

"आणि माझी सोलकढी?" बायकोने विचारलं.

रुपालीने बटण दाबलं. शून्य! खांब सोडा, खुंटीसुद्धा नाही!

"अहो बाबा, सोलकढी आपण बांगड्याच्या ताटाबरोबर फुकट देतो. बिलातच नाही, तर दिसणार कशी?"

"मशीन तूच आणलंस ना? मग ऐक त्याचं!" मी गरजलो. "सोलकढी बंद! बुधवारी फक्त बांगडा! खपला तर चूल माझी. नाही खपला, तर गल्ल्यावर बसेन, पातेल्याला हात लावणार नाही!"

"मान्य," मालन म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

बुधवारी धक्क्यावरून दोन टोपल्या बांगडे आणले. पहाटेपासून मसाला वाटला. दुपारी ऑफिसवाल्यांचा नेहमीचा घोळका आला. पुढे हितेंद्र.

"काका, आधी सोलकढी पाठवा!"

"बंद केली. खपत नव्हती."

"खपत नव्हती? अहो, मी एकटा चार ग्लास पितो!"

"पण येतोस ना बांगड्यासाठी?"

हितेंद्रने मान खाली घातली. शेजारचा राकेश मात्र फटकळ! "काका, त्याचा बांगडा मी खातो, म्हणून ताट रिकामं दिसतं. आणि तुमची तिरफळं एवढी, की ओठ माझे आहेत की दुसऱ्याचे, कळत नाही! सोलकढी नसेल तर आमच्याने नाही व्हायचं."

बघता बघता घोळका समोरच्या वडेवाल्याकडे! मी दारात पळी घेऊन उभा, लग्न मोडलेल्या नवऱ्यासारखा!

मालनने पदर खोचला आणि चुलीचा ताबा घेतला. मी गल्ल्यावर जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिरफळांचं असावं.

संध्याकाळी मशीन वाजलं. मी वाकून वाचलं आणि टुणकन उडालो!

"मालन! रुपाली! धावा! आजच्या विक्रीत बांगडा शंभर टक्के!"

मालन आतून म्हणाली, "दुसरं काही ठेवलंच नव्हतंत! तीन ताटं गेली. त्यातलं एक तर तुम्हीच बिल फाडून जेवलात!"

असेल. पण मंडळी, शंभर म्हणजे शंभर हो!