नावाड्याचा तास

कुमुद आगलावे बाईंच्या सातवीच्या वर्गात स्वभावचित्रणाच्या तासाला धड्यातलं पात्र स्वतः हजर राहतं, आणि मुलं त्याच्याबद्दल जसं ठरवतील तसंच ते पुढे वर्षभर असतं.

त्या दिवशी नावाडी आला. पात्र-विभागाचे नाकाडे त्याला घेऊन आले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण नावाडी उभाच राहिला.

धडा लहानसाच आहे. नदीला पूर आलेला असतो. पलीकडच्या गावात सारजाचा बाप फागू शेवटच्या घटका मोजत असतो. सारजा नावाड्याच्या पाया पडते आणि नावाडी तिला नेत नाही; ती लांबच्या पुलाच्या वाटेने निघून जाते. मागच्या वर्गांनी बाजारच्या मार्गदर्शक पुस्तकातून उतरवून दरवर्षी एकच शब्द लिहिला होता : निर्दय. त्यामुळे तो दरवर्षी थोडा अधिक निर्दय होऊन येई. पूर्वी मुलांकडे बघून मान तरी हलवायचा. यंदा दारात पाय घसरून पडलेल्या मुलीला ओलांडून तो आत आला होता.

"मॅडम, पुढल्या वर्षी पुस्तक बदलतंय," नाकाडे म्हणाले. "नव्या पुस्तकात हा धडा नाही. तेव्हा आज ठरेल ते कायमचं. जरा आटपतं घ्या, मला आठवीत एक सासू पोचवायची आहे."

कायमचं हा शब्द ऐकून बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. त्यांनी नावाड्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

पात्राला धड्यात असतील तेवढीच वाक्यं बोलता येतात. नावाड्याला एकच होतं.

"काका, तुम्ही तिला का नाही नेलं?" इरफानने विचारलं.

"आज नाव निघणार नाही."

"तुम्हाला लेकरंबाळं नाहीत का?"

"आज नाव निघणार नाही."

"दगड आहे नुसता," दुर्गेश म्हणाला. "लिहा रे निर्दय, अन् चला."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

"तो काय बोलतो ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "तो काय करतो ते शोधा. पुस्तकात बोट ठेवून दाखवा मला."

मुलं पुस्तकात वाकली. बऱ्याच वेळाने मृणालने मान वर केली.

"बाई, पाऊस वर डोंगरात पडलाय. इथं कडक ऊन आहे असं लिहिलंय. मग याचं मुंडासं ओलं कशानं?"

"आंघोळ केली असेल," दुर्गेश म्हणाला.

"मुंडासं बांधून? तुझा आजा करतो का तशी?"

"बाई, सुरुवातीला वल्ही दोन आहेत," इरफान घाईने म्हणाला. "सारजा येते तेव्हा एकच आहे."

"म्हणजे हा आधीच पाण्यात जाऊन आलाय," मृणाल हळूच म्हणाली. "एकटाच. जमतं का ते बघायला. अन् बुडता बुडता वाचलाय."

आता कोणी हसलं नाही. इरफान उभा राहिला.

"काका, ती बुडेल म्हणून नाही म्हणालात?"

"आज नाव निघणार नाही," नावाडी म्हणाला.

शब्द तेच होते. पण आवाजातली थरथर साऱ्या वर्गाला ऐकू आली. इतकी वर्षं बाई हे वाक्य वाचत होत्या आणि ते आज पहिल्यांदा कानावर पडलं होतं.

"प्रेमळ लिहा मग," नाकाडेंनी सुचवलं. "प्रेमळ चालतं आमच्याकडे."

"प्रेमळ नाही जी," दुर्गेशच म्हणाला. "दंडाला धरून ओढलंय याने तिला नावेतून. धड्यात आहे तसं."

शेवटी मृणालने लिहिलं आणि सगळ्यांनी मान्य केलं : तिला नाही म्हणताना तो आतून तुटला होता, तरी नाही म्हणाला.

"हे वाक्य झालं, मॅडम. विशेषण लागतं."

"वाक्यच न्या, नाकाडे भाऊ. विशेषणात मावत नाही तो."

नाकाडेंनी नावाड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "बरं. नेतो."

दोघं दारापर्यंत पोचले तेवढ्यात इरफान ओरडला, "बाई, धडा वाढलाय!"

सगळ्यांच्या पुस्तकांत शेवटी दोन ओळी अधिक होत्या. सारजा दिसेनाशी झाल्यावर नावाडी वाळूत खाली बसला, असं तिथे छापलेलं होतं, आणि पलीकडच्या तीराकडे तोंड करून तो ओरडत राहिला. काय ओरडला तेही पुढे होतं. बाईंनी ते मोठ्याने वाचायला तोंड उघडलं, पण त्याआधीच दारातून आवाज आला.

"दम धर, फागू," नावाडी चाचरत म्हणाला. वाक्य त्याच्या तोंडात नवं होतं. "पोरगी पुलावरून वळसा घालून येतेय. दम धर."

नाकाडेंनी त्याला ते पुन्हा एकदा म्हणू दिलं.